सलीमचाचा ऐकत नाहीत

बँडवाल्यांकडे किस्से कमी नसतात बुवा! सगळं आयुष्य दुसऱ्याच्या लग्नात जातं, मग परत येताना टेम्पोत करायचं काय? एकाने सुरू केलं की संग्रामपूर येईस्तोवर संपत नाही. त्यातले निम्मे किस्से सलीमचाचांचे. चाचा क्लॅरिनेट वाजवतात, मी ट्रम्पेट. मालक सुधाभाऊ दर सीझनला म्हणतो, "औंदा या बुढ्याले काढतोच!" चाचांना दुसरं काम येत नाही, त्यामुळे त्यांच्या वाटचं घाबरतो मीच.

*

एकदा सुधाभाऊने नवे ड्रेस आणले. लाल कोट, सोनेरी झालर, कान झाकणारी टोपी. मे महिन्यात! आम्ही सगळं मुकाट घातलं आणि घामाने न्हालो. चाचांनी टोपीत आंबे भरून ठेवले.

"टोपी घाला ना चाचा!" मालक ओरडला.

"कान झाकले तं तुमचा बेसूर मले कसा आयकू येईन?"

*

एका वरातीत पोरं मागे लागली, "फास्ट वाजवा, फास्ट!" मालकाने खूण केली, आम्ही सुटलो. चाचा आपल्याच चालीने. आमचं गाणं संपलं तेव्हा ते दुसऱ्या कडव्यात होते. पोरं दमून उभी राहिली.

"आटपा ना चाचा!" एक जण म्हणाला.

"गानं संपवून कुठी जायाचं हाय बे तुले?"

पोरगा खरंच विचारात पडला.

*

दुसरी वरात भर दुपारची. मालकाचा हुकूम, "रस्ता सोडायचा नाही!" डांबर पघळत होतं, समोर सातपुडा धुरकट निळा, स्वप्नातला वाटावा तसा. चाचा वाजवता वाजवता रस्ता सोडून कडेच्या संत्र्याच्या बागेत शिरले. घोडीला क्लॅरिनेटच्या मागे चालायची सवय. घोडी आत, नवरदेव आत, मागून सगळी वरात आत! त्या गार सावलीत बायका हळूहळू नाचायला लागल्या. मुहूर्ताची आठवण कुणालाच राहिली नाही.

सुधाभाऊ धावत आला. "कुठी चालले चाचा?"

"सावलीतून चाल्लो. नवरदेव भाजून राह्यला होता ना!"

नवरदेवाने वरून मान हलवली.

*

एकदा टेम्पोच्या फळीवर आम्ही दोघे पाय सोडून बसलो होतो. मी विचारलं, "चाचा, तुम्ही काऊन आयकत नाही? भेव नाही वाटत?"

"वाटते ना! पन गानं सुरू झालं का याद नाही राहात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काऊन आयकतं बे?"

मी ट्रम्पेट पुसायला लागलो. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटतो.

*

आणि हा यंदाचा. मालकाने मोठे स्पीकर आणले, सोबत पेनड्राइव्ह. "वाजवायचं नाही. तोंडाले लावून फुंकल्यासारखं करायचं!" सगळे हो म्हणाले. मीही. चाचा पहिल्याच वरातीत खरंच वाजवत निघाले. स्पीकरवर एक गाणं, चाचांचं भलतंच!

दुसऱ्या वरातीआधी सुधाभाऊने त्यांच्या क्लॅरिनेटची पत्ती काढून स्वतःच्या खिशात टाकली. तोंडाशी बसवतात ती वेताची पातळ पट्टी, ती नसली तर क्लॅरिनेट म्हणजे नुसतं लाकूड. "आज आवाज आला तं उद्यापासून घरी!" चाचांनी तसंच क्लॅरिनेट उचललं आणि रांगेत उभे राहिले. मला रडू आलं, पण मी ट्रम्पेट तोंडाला लावून गाल फुगवले.

चौकात जनरेटर बंद पडला. स्पीकर गप्प. आम्ही आठ जण बिनआवाजाचे गाल फुगवून चालतच राहिलो, कारण थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं! लोक हसायच्या बेतात होते, तेवढ्यात सूर कानावर आला. चाचा डोळे मिटून त्या बिनपत्तीच्या क्लॅरिनेटमध्ये गात होते. पार सुरुवातीपासून गात असतील, आम्हालाच ऐकू आलं नव्हतं. वरात जागच्या जागी थांबली. नवरदेवाची आई डोळे पुसायला लागली.

सुधाभाऊने घाईघाईत खिसा चाचपला, पत्ती काढून चाचांपुढे धरली. "घ्या चाचा, वाजवा! कोनी काढत नाही तुमाले!"

चाचांनी एक डोळा उघडला.

"थांब ना बे," ते म्हणाले. "गानं अर्धं हाय."