जहराला, भावाला आणायला

"युसुफच्या अंगाला अन्न लागतं, आणि हिच्या अंगाला काळजी." आमच्या लहानपणी अब्बा एकदा जेवताना असं म्हणाले होते. युसुफ माझा धाकटा भाऊ. वाटीभर पेजेवर तो गुटगुटीत राहायचा, मी दोनदा वाढून घेऊनही काठीसारखी. अब्बांना जाऊन वर्षं झाली, मीही चाळिशी ओलांडली. पण मुंबईच्या धक्क्यावर ट्रंकेवर बसून कुवेतच्या बोटीची वाट बघताना तेच वाक्य मनात फिरत होतं.

अम्माची नजर झपाट्याने जात चालली आहे. दिसतंय तोवर मुलगा बघायचा, एवढाच तिचा हट्ट. युसुफ प्रत्येक पत्रात 'पुढच्या वर्षी' लिहायचा. शेवटी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन त्याला आणायला मीच निघाले.

डेकच्या तिकिटावर बायकांनी जाऊ नये, असं सगळे सांगतात. मी गेले, आणि परत उतरले तेव्हा कंबर माझी राहिली नव्हती. जाणार असाल तर जाड चटई घ्या, लिंबाचं लोणचं घ्या. सुकी मासळी मात्र नको, शेजारचे भांडतात. कराचीला बोट दिवसभर थांबते, तेव्हा चहा पिऊन घ्यावा, पुढे तसा मिळत नाही. आमच्या रत्नागिरी-कुलाब्याकडची बरीच माणसं बोटीवर होती. श्रीवर्धनची एक बाई नवऱ्याकडे चालली होती. मी म्हटलं, "किती वर्षांनी भेटणार?" ती म्हणाली, "वर्षांचं सोड गो. त्यानं मला ओळखलं म्हणजे मिळवलं!"

कुवेतच्या धक्क्यावर युसुफ उभा होता. उन्हाने सुकलेला, कानशिलांवर पांढरा. मी त्याला ओळखलं, पण क्षणभर उशिराच.

कुवेत शहरातून जहरा गावाला भाड्याची मोटार मिळते. भाडं चढण्याआधी ठरवा आणि तोंडाला सुती ओढणी बांधा. थंडीचे दिवस असूनही वाळू दातांत येत होती. वाटेत बघण्यासारखं काही नाही. रस्ता नवा, सरळ, आणि दोन्ही बाजूंना सपाट. मग एकदम खजुरीची झाडं, मातीच्या भिंती, विहिरी. तिथेच अबू खालेद नावाच्या व्यापाऱ्याचा गोठा आहे आणि युसुफ तिथे गुरांची पैदास बघतो.

मांसासाठी वाढवायची ही जनावरं. चारा-भुसा बराचसा बसऱ्याहून होडीने येतो, लसूणघासाला विहिरीचं पाणी घालावं लागतं, त्यामुळे किती खाल्लं यालाच इथे किंमत. युसुफ प्रत्येक खोंडाला वेगळ्या गव्हाणीत मोजून चारा घालतो, उरलेला परत मोजतो, ठरल्या दिवशी खोंडाला काट्यावर चढवतो.

"मोठा दिसतो तो चांगला, असं नसतं गो आपा," तो म्हणाला. "काही नुसते खातात म्हणून वाढतात. हा बघ, साबिर. त्या आडदांडाएवढाच वाढला, पण खाल्लं पुष्कळ कमी."

साबिर तांबूस रंगाचा, शांत डोळ्यांचा. मी म्हटलं, "म्हणजे तूच."

युसुफ हसला. मग म्हणाला, "हा गुण वासरांत उतरतो, पण सगळा नाही. किती उतरतो ते वासरं वाढवून, मोजूनच कळतं. गाई निवडून ठेवल्यात. येत्या महिन्यात याला त्यांच्यावर सोडायचा."

दुपारी अबू खालेद आले. तरुणपणी खजुराच्या धंद्यात मुंबईला राहिलेले, हिंदुस्थानी फर्मास बोलतात. मला म्हणाले, "बहन, तुम समंदर पार करके आयी. कल तुम्हारी दावत. युसुफ रोज़ बोलता है, साबिर सबसे अच्छा, साबिर सबसे अच्छा. तो मेहमान के लिए वही कटेगा!"

पाहुण्यापुढे सगळ्यात चांगलं जनावर ठेवायचं, ही तिथली रीत. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि सगळ्यात चांगलं कोणतं, हे युसुफनेच रोज सांगून ठेवलं होतं.

ते गेल्यावर तो भिंतीला टेकून बसला. "जाऊ दे. पुन्हा पहिल्यापासून मांडायची ताकद नाही माझ्यात. तुझ्याबरोबर येतो मी. अम्माला बघतो."

ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं. मी फक्त गप्प बसायचं, आणि जेवायचं.

सकाळी सुरीला धार लावायचा आवाज आला. युसुफ साबिरच्या गव्हाणीत चारा घालत होता. मोजून. त्या दिवशी मोजायचं काय कारण होतं? मला ते बघवलं नाही.

मी अबू खालेदांकडे गेले. "भाईसाहब, मेहमान कुछ माँग सकती है?"

"माँगो बहन, घर तुम्हारा है."

"साबिर मुझे दे दीजिए. ज़िंदा."

ते मोठ्याने हसले. "जहाज़ पे बिठाके ले जाओगी?"

"यहीं रहेगा. मेरे भाई के पास."

दावतीला मेंढा कापला गेला. भातात काळं लिंबू घालतात, वास सुंदर येतो. चव मला आठवत नाही. निघताना युसुफने माझी ट्रंक उचलली आणि खाली बघूनच विचारलं, "का गो केलंस असं? मी येत होतो ना."

"येत नव्हतास. उरला होतास तेवढा येत होतास."

घरी पोचले तेव्हा अम्माने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग माझ्या मागे हवेत हात नेला. "एकटीच?" तिने विचारलं. थकवा अजून उतरलेला नाही. बोटीचा म्हणावा, तर बोट केव्हाच परत गेली.

परवा युसुफचं पत्र आलं. गाई गाभण आहेत. वासरं होतील, वाढतील, त्यांचा चारा मोजायला दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही. हा मजकूर छापून आला की त्याला पाठवणार आहे. त्याचं उत्तर मला आत्ताच ठाऊक आहे. तरी मागते. युसुफ, त्या वासरांना थोडे दिवस न मोजता खाऊ दे. अम्माला अजून उजेडात माणूस दिसतो. ये.