टीव्हीत न मावलेली ताई

आमच्या टीव्हीने माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला माझ्या मुलीच्या साखरपुड्यातून काढून टाकलं. टीव्हीच्या मनात काही नव्हतं, पण हे ताईला पटवून देणं मला जमलं नाही.

तनयाचा साखरपुडा ठाण्याच्या एका हॉलमध्ये झाला. ताई कल्याणहून जांभळी पैठणी नेसून आली आणि आनंदात परत गेली. मग मोबाईलवर फोटो फिरले. त्यात ती कुठेच नव्हती. लगेच फोन आला.

"बाळू, मी आत्या आहे तिची. बारशाला कानात नाव मी सांगितलं. आणि फोटोत मला जागा नाही? मग लग्नाला येऊन काय करू, संख्या वाढवू?"

आई गेल्यापासून आमच्या घरात मोठं असं ताईच एक. ती मांडवात नसेल तर मला तिथे उभं राहवणार नाही, असं मी बायकोला सांगितलं. सुमन म्हणाली, "मग हेच त्यांना फोन करून सांगा ना."

हे इतकं सोपं होतं की मी ते केलं नाही. मी म्हटलं, "व्हिडिओ आलाय. त्यात ताई असणारच. घरी बोलावून मोठ्या टीव्हीवर दाखवू."

रविवारी दुपारी ताई आणि भाऊजी रिक्षा करून आमच्याकडे आले. ताई सोफ्याच्या टोकावर पर्स मांडीवर धरून बसली, कधीही उठून जाता येईल अशी. मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्हीने ही फाइल आपल्याला चालत नाही असं कळवलं. मग तनयाच्या खोलीतला कम्प्युटर, ज्याला हात लावायची मला सक्त मनाई आहे, तो डबा मी उचलून हॉलमध्ये आणला. (तनया होणाऱ्या सासूबाईंबरोबर ठाण्याला साड्या बघायला गेली होती. एरवी माझी काय हिंमत!) वायर जोडली, चित्र आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"मी कुठेय?" ताईने विचारलं.

"येशील आता."

विहीणबाई आल्या. नवऱ्या मुलाचे मामा आले. मामांचे शेजारी आले. समोशांचा ट्रे घेतलेला वाढपी दोनदा आला. ताई आली नाही. एकदा फक्त डाव्या कडेला काहीतरी जांभळं हललं.

"तो बघ तुझा पदर."

"पदरालाच आमंत्रण होतं का?"

भाऊजी पुढे सरकले. ते कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त आहेत, आणि जगातली प्रत्येक वस्तू सेटिंगमुळे बिघडते असं त्यांचं ठाम मत आहे. "बाळू, तुझं रिझोल्युशन चुकलंय."

मी कम्प्युटरचं सेटिंग उघडलं. रिझोल्युशन वाढवलं तर अक्षरं मुंगीएवढी झाली. कमी केलं तर सगळं आडवं ताणलं गेलं आणि विहीणबाई दुप्पट रुंद झाल्या. सुमनने हा भाग पुन्हा लावायला सांगितला. ताई मात्र वाढवूनही आली नाही आणि कमी करूनही आली नाही.

"हा हर्ट्झचा आकडा काय आहे?" भाऊजींनी विचारलं.

"चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते."

"मग साठवर कशाला ठेवलंय? वाढवता येतंय तर वाढव की."

मी वाढवलं. टीव्ही काळा झाला. त्यावर 'मोड नॉट सपोर्टेड' अशी एक छोटी पाटी वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी इकडून तिकडे फिरू लागली.

आता, अशा वेळी कम्प्युटर काही सेकंद थांबतो आणि तुम्ही गप्प बसलात तर आपणहून आधीच्या सेटिंगवर येतो. पण आमच्या खानदानात गप्प कोण बसतं? मी माऊस फिरवला, भाऊजींनी कीबोर्डची हाताला येतील ती बटणं दाबली, आणि दोघांनी मिळून आंधळेपणाने 'हेच राहू द्या' असं कम्प्युटरला कळवलं.

"मघाशी फक्त मीच नव्हते," ताई म्हणाली. "आता कोणीच नाही. हे निदान बरोबरीचं झालं."

मी खचलो होतो. खोलीतून तनयाचा मॉनिटर आणून डब्याला जोडला, आकडा परत साठवर आणला, तसं टीव्हीवर चित्र परत आलं, ताईशिवायच. हरल्या मनाने मी तनयाला फोन लावला.

"बाबा, माझ्या पीसीला हात लावलात?"

"नाही गं. समज, कोणी लावलाच असता..."

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. तेवढ्यात माझं लक्ष मॉनिटरकडे गेलं. व्हिडिओ त्याच्यावरही चालू होता आणि डाव्या कडेला ताई उभी होती, पदरापासून नथीपर्यंत आख्खी.

"ताई, सापडलीस! इथे बघ!"

ताई जागची हलली नाही. "त्या एवढ्याशा खिडकीत? विहीणबाई मोठ्यावर आणि मी छोट्यावर? मी मोठ्यावरच बघीन."

"बाबा," फोनमधून तनया म्हणाली, "मॉनिटरवर पूर्ण दिसतंय म्हणजे पीसी बरोबर आहे. टीव्ही झूमवर असेल, म्हणून कडा कापल्या जातायत. पण झूम केलं कोणी?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. टीव्ही घेतला तेव्हा सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. आख्ख्या टीव्हीचे पैसे मोजल्यावर पट्ट्या कशाला बघायच्या, म्हणून मी रिमोटने चित्र ताणून पडदा भरून टाकला होता. तेव्हा घरात माझं कौतुकही झालं होतं. तेव्हापासून मालिकांतल्या सासवांना कपाळ नव्हतं, आणि मॅचमध्ये ओव्हर किती राहिल्या हे मी शेजाऱ्यांना विचारत आलो होतो. पण टीव्हीवर शंका घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

मी 'स्क्रीन फिट' केलं. चित्र आक्रसलं आणि डावीकडून ताई हॉलमध्ये आली. मोठ्या पडद्यावर, जांभळ्या पैठणीत, तनयाच्या अगदी जवळ. ताईने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"अंगठी घालताना मीच होते रे शेजारी," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. मीही पुसले. भाऊजींनी हा रिझोल्युशनचाच फरक असल्याचं सांगितलं.

इथेच व्हिडिओ बंद करायला हवा होता. पण मामांचं भाषण सुरू झालं. ते मधोमध उभं राहून बोलत होते, आणि डाव्या कडेला खुर्चीत बसलेली ताई हळूहळू कलत होती. मग तिचं तोंड उघडलं. मग तिचं डोकं शेजारच्या एका अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर टेकलं. ते गृहस्थ अवघडून बसले होते. मामांचं भाषण बरंच मोठं होतं, आणि टीव्हीही.



"मी तेव्हाच उठवणार होतो," भाऊजी पुटपुटले.

"बाळू," ताई शांतपणे म्हणाली, "मघाचंच बरं होतं. तसं कर."

मी रिमोट घेतला. झूम सापडेना. भाऊजी मदतीला आले. जे सापडेल ते आम्ही दाबलं, आणि चित्र गेलं. मामांचा आवाज तेवढा चालू राहिला.

ताईने पर्स उचलली. दारात चपला घालताना म्हणाली, "लग्नाला येते. आदल्या दिवशीच येते, नाहीतर तू काय गोंधळ घालशील देव जाणे. पण हा व्हिडिओ कोणाला दाखवायचा नाही."

मी लगेच शब्द दिला. तो पाळणं मला मुळीच जड गेलेलं नाही, कारण आमच्या टीव्हीवर अजूनही नुसता आवाजच येतो. काळ्या काचेत मात्र सोफ्यावरचे आम्ही सगळे कडेपासून कडेपर्यंत पूर्ण दिसतो. कोणीही कापलं जात नाही. आणि बरोबर मधोमध, हातात रिमोट घेऊन, एक गाढव बसलेलं असतं.