कात्रीची वहिनी

लाँड्रीत तिला ‘तीन नंबर’ म्हणत, कारण ती तिसऱ्या इस्त्रीवर असायची. घरी नवरा ‘अगं’ म्हणायचा आणि नणंद ‘वहिनी’. हॉटेलांच्या चादरी दिवसभर तिच्या हाताखालून जायच्या, आणि तिच्यासारखी घडी तिथे दुसऱ्या कुणाची पडत नसे. पण घडीचं कौतुक कोण करतं?

कौतुक तिला हवं होतं ते नणंदेकडून. हसू नका. बारा वर्षं एका घरात काढली, पण वन्संच्या तोंडून तिच्यासाठी एक बरा शब्द निघाला नव्हता. भाजी चांगली झाली की ‘ठीक’, नवे पडदे लावले की ‘असू दे’. वन्सं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायच्या. मेणात एकेक दात असा बसवायच्या की म्हाताऱ्यांना आपले गेलेलेच परत आले असं वाटावं. दिवसभर लोकांना दात द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांचे दात त्यांच्याच घशात घालायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

हे दुसरं काम फोनवर चाले. एक खेळ होता. त्यात तुम्ही घोडेस्वार बाई व्हायचं, राज्य वाचवायचं आणि वाटेत सेनापती, वैद्य किंवा राजकवी यांतला एक निवडून त्याच्यावर प्रेम करायचं. खेळ संपला तरी लोकांचं भागत नसे. आपल्या आवडत्या जोडीवर ते गोष्टी लिहीत आणि दुसऱ्या जोडीवाल्यांशी हाडवैर धरत. सेनापतीवाले आणि वैद्यवाले यांच्यातून तर विस्तव जात नव्हता. सेनापतीवाल्यांची म्होरकी ‘कात्री’ नावाने लिही. वैद्यवाल्यांची गोष्ट आली की कात्री ती ओळीओळीने कापायची आणि खाली शेकडो लोक खिदळायचे. तिच्यापायी दोघी-तिघींनी लिहिणंच सोडलं होतं. ही कात्री म्हणजे आमच्या वन्सं.

वन्संशी बोलायला काहीतरी विषय मिळावा म्हणून वहिनीने तो खेळ चोरून खेळला, आणि पहिल्याच फेरीत जीव जडला तो नेमका वैद्यावर. सेनापती टाळ्या घेणारं बोलायचा. वैद्य बोलायचाच नाही, नुसतं करायचा. असं माणूस तिने प्रत्यक्षात एकदा पाहिलं होतं.

चार वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी येऊन कपाट उघडलं, तर तिच्या सातही पायजम्यांच्या कमरेचं इलास्टिक कुणीतरी उसवून काढलेलं. त्या जागी मऊ सुती पट्टी लावून नाडी ओवलेली, टाक्यांना घासू नये म्हणून. शिवण इतकी बारीक की कुणाची ते विचारायलाच नको. ती आभार मानायला गेली, तर वन्सं म्हणाल्या, “कसले पायजमे? डोकं फिरलंय का तुझं?” वहिनीने ते जिवापाड जपून ठेवलं.

तेच तिने लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गाठोड्यावर बसून, तीन महिने. घोडेस्वाराच्या बरगडीला घाव होतो. वैद्य गुपचूप तिच्या चिलखताचे पट्टे उसवतो, आपली घोंगडी फाडून तिची लोकर आत भरतो, आणि विचारलं तर कानावर हात ठेवतो. तिने ‘घडी’ असं टोपणनाव घेतलं आणि गोष्ट टाकली. वन्संनी वाचावं, बरं म्हणावं, मग आपण सांगावं की ती मीच. वैद्यवाल्यांची असली म्हणून काय झालं, चांगल्याला त्या चांगलंच म्हणतील, अशी तिची समजूत. बारा वर्षं काढूनही बाईला माणूस कळलं नव्हतं.

त्या रविवारी वन्संचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. लॅबच्या जिन्यावरून घसरल्या होत्या.

“वहिनी, इकडे ये. मी सांगते ते टाइप कर. एका वैद्यवालीने काय दिवे लावलेत ते बघ.”

वहिनीने हात पुसून फोन घेतला. समोर तिचीच गोष्ट.

“लिही,” वन्सं म्हणाल्या. “बाई, हा वैद्य आहे की गादीवाला?”

वहिनीने लिहिलं.

“पुढे लिही. करून सवरून वर सांगायचंही नाही! असलं मुकं प्रेम त्यांनाच सुचतं, ज्यांना आयुष्यात कुणी विचारलेलं नसतं.”

अंगठा थांबला.

“झोप लागली का गं?”

“वन्सं, पण अशी माणसं असतात,” वहिनी म्हणाली.

“कोण? एक दाखव.”

प्लास्टरच्या टोकाशी वन्संची बोटं दिसत होती. वहिनीने ती पाहिली, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. वन्सं लपवत नव्हत्या. साफ विसरल्या होत्या.

“दाखव ना!”

“नाही,” वहिनी म्हणाली. “नसतं असं कुणी.”

“अगं, आटपा ते आणि चहाचं बघा,” सोफ्यावरून नवरा म्हणाला.

“थांब रे. शेवटी काहीतरी झणझणीत पाहिजे. सुचत नाहीये.”

आणि कुणी सांगितलं नसताना वहिनीने आपणहून लिहिलं: ‘वैद्याने घोंगडी उगाच फाडली. एवढी लोकर लेखिकेच्या डोक्यातच होती.’

वन्संनी वाचलं आणि अशा हसल्या की प्लास्टर टेबलावर आपटलं. “वहिनी! अगं, काय सुरेख लिहितेस गं तू! इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस?”

सुरेख. बारा वर्षांनी. खरं सांगायचं तर वहिनीला आनंद झाला. रडूही आलं, पण आनंद जास्त होता, आणि याची तिला स्वतःचीच शिसारी आली. चहा वन्संनी केला, डाव्या हाताने. संध्याकाळपर्यंत त्या ओळीवर नऊशे लोक हसले होते.

सोमवारी गाठोड्यावर बसून तिने गोष्ट काढून टाकली.

प्लास्टर निघालं, तरी रविवारी दुपारी वन्सं अजून हाक मारतात. बाजूची खुर्ची आता वहिनीची झाली आहे. “आम्ही दोघी,” असं वन्सं शेजारणीला सांगतात तेव्हा वहिनी मान खाली घालून हसते.

परवा एका नव्या मुलीची गोष्ट आली. वर लिहिलं होतं, ‘पहिल्यांदाच लिहितेय. घडी यांची गोष्ट वाचून लिहावंसं वाटलं. ती आता कुठे दिसत नाही. त्या हे वाचत असतील तर त्यांनी एक शब्द तरी कळवावा.’

“घे, आली आणखी एक,” वन्सं म्हणाल्या. “काय लिहू?”

वहिनीने वाचलं. मुलगी चांगलं लिहीत होती, ते चार ओळींतच कळत होतं. तिने खुर्ची वन्संच्या जवळ ओढली.

“लिहा,” ती म्हणाली.