लाथमास्तर

मास्तर सोमवारी दुपारी गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला. मी पोचले तोवर जनाजा निघाला होता.

पेठेत त्यांना सगळे लाथमास्तर म्हणत. दिवसभर ते कपडे शिवत आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलींना कराटे शिकवत. तरुणपणी मुंबईत शिवणकामाच्या कारखान्यात होते, तिथे ही विद्या उचलली. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाले, "अक्का, पायजमा अडतीसचा लागंल. पण पाय जाणार वर वीसच इंच. राहिलेल्या अठरा इंचाचं काय करायचं ते बघू."

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. तालमींच्या आमच्या गावात कराटे म्हणजे नाच, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. मास्तर कुणाशी वाद घालत नसत. आमचे मांजरपाटाचे पोशाख ते स्वतः शिवत आणि पायजम्याच्या दोन्ही पायांमध्ये कापडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे मियानी, चांगली ऐसपैस लावत. "लाथ पायात नसती," ते म्हणत, "मियानीत असती."

सगळ्यात अवघड होती ती पाठ फिरवून, खांद्यावरून मागे बघत मारायची लाथ. मास्तर ती स्वतः करून दाखवत. वर्षानुवर्षं मशीन चालवून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. त्यामुळे फिरणं सुरेख व्हायचं, लाथही सुटायची आणि मग मास्तर धाडकन खाली बसायचे. बसल्या बसल्याच विचारायचे, "बघितलंसा न्हवं? ह्यातलं शेवटचं तेवढं करू नका."

त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. कधी चहा घेऊन आल्या की त्या दारातूनच ऐकवत, "पायानं मशीन चालवून पोट भरत न्हाय, म्हणून पोरींच्या लाथा खातंय माणूस."

त्या लाथा आमच्याकडून नीट बसत नव्हत्या, हीच अडचण होती. आमच्या घरी वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करायची पद्धत. इथे तर मास्तर चिंध्या भरलेली उशी छातीशी धरून समोर उभे. माझा पाय वळून यायचा आणि उशीपासून चार बोटांवर थांबायचा. चुकून लागलाच तर मी वाकून त्यांना हात लावायची आणि बोटं डोळ्यांना. बाकीच्या मुलींचंही तेच. एक लाथ, एक नमस्कार. मास्तर म्हणाले, "अशानं रस्त्यात कुणी धरलं तर तुमी त्याच्या पाया पडत बसशीला." मग त्यांनी नियम केला की वर्ग सुरू होतानाच सगळ्यांनी एकदा पाया पडून घ्यायचं, त्यात त्या दिवसाच्या सगळ्या लाथा आल्या. बाकीच्या मुली सुधारल्या. माझा पाय काही पुढे जाईना.

त्यात कराट्याची परीक्षा आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सांगून टाकलं होतं, "एकदाच बसायचं. नापास झालीस तर हे सगळं बंद." मला तर तोवर दुसरं कुठलंच काम इतकं आवडलं नव्हतं, पुस्तकं सोडून. मी मास्तरांना अट सांगितली. ते काज करत होते. वर न बघता म्हणाले, "अण्णा शब्दाचे पक्के हायत. आता तुमी पायाच्या पक्क्या व्हा."

पुण्याहून परीक्षक आले. पाठ फिरवून मारायच्या लाथेला तीन संधी होत्या. उशी धरायला मास्तरच उभे राहिले. पहिल्यांदा पाय चार बोटांवर थांबला. दुसऱ्यांदाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी खांद्यावरून मागे बघितलं, तर मास्तरांनी मान खाली घालून अख्खं तोंड उशीआड लपवलेलं. आतून आवाज आला, "मास्तर घरला गेले. नुसत्या चिंध्या हायत. मारा."

मी मारली. मास्तर मागच्या दोन खुर्च्या घेऊन आडवे झाले. मी धावत गेले, वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. परीक्षक म्हणाले, "हे काय? हे कराट्यात नाही." मास्तर जमिनीवरूनच म्हणाले, "लाथ हाय न्हवं साहेब कराट्यातली? म्होरलं आमच्या गावचं हाय."

मी पास झाले. अण्णांनी प्रमाणपत्र चष्मा लावून वाचलं, घडी करून परत दिलं आणि एवढंच विचारलं, "मास्तरांना लागलं नाही ना?"

पुढे आठेक वर्षांनी मास्तरांचा गुडघा उभं राहण्याच्याही पलीकडे गेला, तेव्हा वर्ग त्यांनी माझ्याकडे दिला. "तुमी शिकवा, मी बसून वरडतो," म्हणाले आणि पुष्कळ वर्षं मनापासून ओरडले. माझं एखादं चुकलं की मुलींसमोरच सांगत, "ह्या बाईंचं बघून शिकू नका." मुली हसत, मीही हसत असे. शेवटची दोन वर्षं त्यांना येता आलं नाही. भेटायला गेले की ते तब्येतीचं काही बोलत नसत, कुणाचा पाय किती वर गेला ते विचारत.

वर्ग चालू आहे. ते गेल्यावर एकच दिवस बंद ठेवला. सध्या अकरा मुली येतात. त्यांतल्या चौघींना पाठ फिरवून लाथ मारता येते. सातजणींना अजून जमलेली नाही.