न भाजलेले पाय

मंगळवार, २८ जून १९८३, सकाळी साडेनऊ. तपासणीच्या टेबलावर एक डावा पाय होता. त्या पायाचा मालक मला हसत सांगत होता की त्याला काही झालेले नाही.

"खोटं न्हाई सांगत, डाक्टरसाब. दुखतच न्हाई. हिनंच धरून आणलं."

"चादर रगतानं भरली," त्यांची पत्नी महानंदाबाई म्हणाल्या. "मला दिसली. ह्यांना न्हाई."

रुग्णाचे नाव मल्लिकार्जुनअप्पा. निलंग्याच्या बाजूला एका गावात त्यांचे किराणा दुकान होते. मधुमेह जुना होता. तळपायाची कातडी फोडासारखी सुटून फाटली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी खोल जखम होती. असा पाय टेकवताना माणूस ओरडतो. अप्पा दोन जिने चढून आले होते.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. पायांसाठी वेगळा डॉक्टर असतो, हे लोकांना सांगावे लागे. कुष्ठरुग्णांच्या पायांवर मी पूर्वी काम केले होते, म्हणून आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा पायांची ओपीडी मी चालवीत असे.

"हे भाजले कशाने?" मी विचारले.

अप्पांनी अभिमानाने सांगितले. मृग कोरडा गेला होता. तेव्हा गावाने महादेवाचा गाभारा पाण्याने भरायचे ठरवले. पिंड पूर्ण बुडाली की पाऊस येतो, अशी श्रद्धा. पाणी उरले होते ते माळापलीकडच्या एका विहिरीत. दर सोमवारी, उपाशी आणि अनवाणी, भर दुपारी काळ्या दगडांवरून घागरी न्यायच्या.

"समदे उड्या मारून राहिले होते, डाक्टरसाब. तालमीतला गडी, तो बी घागर ठिवून सावलीला पळाला. मी आपला सरळ चाललो. फुलावरून चालावं तसं."

"आन् गाव पाया पडलं," महानंदाबाई म्हणाल्या. "ह्याच पायाच्या."

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. आमच्याकडे नायलॉनचा एक ताठ दोरा असतो. तो वाकेपर्यंत कातडीवर टेकवायचा. स्पर्श कळला की रुग्णाने सांगायचे. न कळला तर त्या जागेची नस निकामी झालेली असते. या विकाराला डॉक्टर न्यूरोपथी म्हणतात. मधुमेह अशा नसा हळूहळू मारतो. त्यात दुखत नाही, हेच तिचे संकट.

मी अंगठ्यावर दोरा टेकवला. मग टाचेवर. मग उजव्या पायावर.

"लावा की," अप्पा डोळे मिटून म्हणाले. "झोप लागंल आता."

महानंदाबाई दोऱ्याकडे पाहत होत्या. "अवो," त्या हळूच म्हणाल्या, "ते कवाचे लावून राहिलेत."

अप्पांनी डोळे उघडले. दोरा तेव्हा त्यांच्या उजव्या टाचेवर होता.

जखम पाहायला मी आमच्या सर्जनना बोलावले. त्यांनी मला बाजूला घेतले.

"पाय घोट्याच्या वरून कापून टाका. हे लोक ऐकत नाहीत."

"हाडापर्यंत गेलेली नाही. ताप नाही, पू नाही. प्लास्टर घालतो."

"आणि सोमवारी तो पुन्हा घागर घेऊन निघाला तर?"

"तर तुम्ही म्हणता ते करू."

"तेव्हा मी घोटा म्हणणार नाही. गुडघा म्हणेन."

प्लास्टर येथे मोडलेल्या हाडासाठी नसते. ते पायाला सर्व बाजूंनी नेमके बसते. त्यामुळे चालताना भार जखमेवर पडत नाही. तरी चालणे अगदी कमी हवे, आणि अनवाणी तर मुळीच नाही. हे मी अप्पांना सांगितले.

"येता सोमवार झाल्यावर घाला," ते म्हणाले. "पिंड बुडायला हातभर राहिलंय. मी न्हाई गेलो तर गाव काय म्हणंल?"

"गेलात तर पाय जाईल."

"मागल्या टायमाला गेला का? राखलाच न्हाई का त्यानं?"

"महादेवाविषयी मला माहिती नाही. पायाविषयी आहे. तुमचा पाय त्या उड्या मारणाऱ्यांपेक्षा जास्त भाजला. तुम्हाला कळले नाही, एवढेच."

त्यांनी वाकून आपला पाय पाहिला. हसणे थांबले होते.

"मंग त्या दिवशी मला राखलं कुणी?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

"डाक्टर, येवढं तोडून बोलू नका," महानंदाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "घागर मी नेते."

"तू? तुझे पाय भाजतेत. परवा अंगणात नाचत होतीस."

"भाजू द्या. मला कळतंय तरी. पायरीपातूर नेते, फुडं गुरव वतंल."

"सकाळी जा," मी त्यांना सांगितले. "दगड तापण्याच्या आधी."

"बघते," त्या म्हणाल्या.

अप्पांनी डोक्याची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पाय पुढे केला. "घाला, डाक्टरसाब."

त्या सोमवारी बाई घागर घेऊन गेल्या. अप्पा ओट्यावर बसून राहिले. दर थोड्या दिवसांनी प्लास्टर बदलावे लागले. दिवाळीच्या सुमारास जखम भरली. अंगठा वाकडा राहिला, पाय मात्र राहिला. कोणी पाया पडायला वाकले, तर अप्पा पाय मागे घेत, असे बाईंनी नंतर मला सांगितले. "ह्याच्यात जीव न्हाई, जाऊ द्या," एवढेच ते म्हणत.

पाय दुखतो म्हणून येणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. तो स्वतःच पायाला जपतो. दुखत नाही म्हणणाऱ्याचा पाय आधी पाहावा, आणि ज्या पायाची तक्रार नाही तोही पाहावा.

म्हणून त्या मंगळवारी प्लास्टर वाळायला ठेवल्यावर मी अप्पांचा उजवा पाय जाड कागदावर ठेवला आणि पेन्सिलीने त्याची कड आखू लागलो. पेन्सिल कोठे आहे हे कळावे म्हणून अप्पा खाली वाकून पाहत होते. आखून झाल्यावर मी कागद कापला, त्यावर त्यांचे नाव घातले आणि मऊ रबराच्या तळाची चप्पल करण्यासाठी चांभाराकडे पाठवून दिला.