सात नावांसाठी फुलसावंगीपर्यंत

बाबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापायला घेतली. कच्चा मजकूर वाचला आणि मी तो त्याच्यापुढे परत सरकवला. बाबा चौदा वर्षं पुसद तालुक्यात तट्टावरून गावोगाव फिरले, हजारो पोरांना देवीची लस टोचली, जुन्या भाषेत ‘देवी काढल्या’. त्यावर दादाचं वाक्य होतं, ‘काही काळ सरकारी नोकरीत होते.’

“तो विषय कशाला उकरतेस?” दादा म्हणाला. “शेवट कसा झाला ते तुला माहीत आहे.”

माहीत होता. फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावर बाबांनी खोट्या नोंदी केल्या, असा शेरा एका तपासनिसाने मारला. बाबांनी उत्तरादाखल एक ओळसुद्धा न लिहिता राजीनामा दिला. मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, ते तिथे दर आठवड्याला ऐकवत. म्हणून की काय, मी बाबांना चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही की खरं काय होतं. पुढे मुख्याध्यापिका म्हणून शेकडो मुलींना उभं करून खरं बोलायला लावलं, पण घरात भ्याले.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत त्या शेऱ्याची नक्कल सापडली. सात मुलींची नावं आणि खाली, ‘दंडांवर व्रण दिसत नाहीत. नोंदी बनावट.’ तो कागद मी पर्समध्ये टाकला आणि दादाला सांगितलं, “मी तांड्यावर जाऊन विचारते. खोटं निघालं तर तुझं वाक्य राहू दे.”

नागपूरहून यवतमाळची मोटार सकाळची पकडावी. नंतरच्या गाड्यांत माणसांपेक्षा कापसाची गाठोडी जास्त असतात. थंडीत जाणार असाल तर शाल आणि पाण्याची सुरई सोबत हवीच. कंडक्टर मला म्हणाला, “आजी, थोडं सरका.” मी त्याची आजी नाही हे त्याला सांगितलं. पुढे यवतमाळपर्यंत तो मला ‘मॅडम’ म्हणत होता आणि मी सरकलेली नव्हते. यवतमाळला मुक्काम केला. खोली बरी होती, चहा मात्र उकळून उकळून मेलेला.

दुसऱ्या दिवशी पुसद. रस्ता टेकड्यांतून वळत जातो, साग पानं टाकायला लागलेला असतो आणि धूळ दातांत करकरते. पुसदला उतरले तोवर फुलसावंगीची मोटार निघून गेली होती. मोटारतळाजवळ करीमभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. दाढी पिकलेली, हात ग्रीसने काळे. जीप भाड्याने मिळेल का, म्हणून विचारलं.

“तांड्यावर काहून जाता बाई? तिथं काय पाहाचं हाये?”

बाबांचं नाव सांगितलं तसा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “देवी डॉक्टर? त्याईच्या तट्टाचं खोगीर मह्या अब्बानं शिवलं होतं.” आत जाऊन त्यांनी चामडं टोचायची, लाकडी मुठीची एक आरी आणली. मूठ एका बाजूने अंगठ्याच्या आकाराची झिजली होती. “अब्बा गेले, खोगिराचा धंदा गेला. मी मोटारी दुरुस्त करून राह्यलो. हे मात्र फेकवत नाही. काम अडलं का हातात धरून बसतो.”

मी म्हटलं, “धरून बसल्याने मोटार सुरू होते का?”

“तुमी लय तिखट बोलता बाई. डॉक्टरसाहेब त असे नोते.”

हे मला त्या प्रवासात चार जणांनी ऐकवलं. मोटारतळाशेजारच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि झणझणीत वांग्याची भाजी पोटभर मिळते. तिथल्या बाईंनीही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी करीमभाईंनी स्वतः जीप काढली. फुलसावंगीपर्यंत रस्ता आहे, पुढे तो आहे असं समजून जायचं. तांड्यावर पोचलो तेव्हा बायका अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. बहुतेकींच्या दंडांवर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या, त्यांना इथे बलिया म्हणतात. मी कागद काढून पहिलं नाव वाचलं, “सोनकी.” आवाज माझा नव्हता, शाळेतला हजेरीचा होता.

पन्नाशीची एक बाई उठून आली. उघड्या दंडांवर ओढणी. “मीच सोनकी. कायले पाह्यजे?”

मी कोण ते सांगितलं आणि जे बाबांना विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. “त्यांनी तुम्हाला खरोखर देवी काढल्या होत्या का?”

तिने ओढणी बाजूला केली. ऊन न लागल्यामुळे दंड हातापेक्षा उजळ होता आणि त्यावर चार गोल व्रण होते, दोनाखाली दोन.

“हिवाळ्यात त्याईनं आमाले देवी काढल्या,” सोनकीबाई म्हणाल्या. “उन्हाळ्यात आमा सातही पोरीचे लग्न एकाच मांडवात झाले. दंडात बलिया चढल्या. मग तो साह्यब आला.”

म्हणजे हिवाळ्याचं काम तपासायला साहेबांना उन्हाळा संपत आल्यावर सवड मिळाली होती.

“खुर्चीवर बसूनच म्हणे, बलिया उतरवा, दंड दाखवा. महा बाप काठी घेऊन उठला. बलिया नवरा मेल्यावर उतरते बाई. तुह्या बाबानं काठी धरली न् साह्यबाले म्हटलं, लिहा तुमाले काय लिहाचं ते. मह्या नोकरीपायी एकाही पोरीच्या बलिया उतरणार नाही.”

“तुमच्या?”

“दोन वर्सं झाले, मानूस गेला. तवा उतरल्या.” त्या व्रणांवरून अंगठा फिरवत राहिल्या. “उतरवल्या तवा पह्यले हेच दिसले.”

बाकीच्या सहा नावांचं मी विचारलं. एक बाळंतपणात गेली होती. पाच जणी आपापल्या सासरी होत्या, एक दिग्रसकडे, एक उमरखेडकडे. सोनकीबाईंनी कागदावरची नावं माझ्याकडून दोनदा दुरुस्त करून घेतली. तपासनिसाला ती धड लिहिताही आली नव्हती.

“त्या पाच जणीचे अजून झाकलेलेच हायेत,” त्या म्हणाल्या. “झाकलेलेच राहो.”

पुसदला परतल्यावर करीमभाईंनी भाडं घ्यायला नकार दिला. मी त्यांना चांगलंच सुनावलं आणि घ्यायला लावलं.

नागपूरला दादाने सगळं ऐकून घेतलं. तो आयुष्यभर कचेरीत राहिलेला माणूस, लगेच म्हणाला, “आपण अर्ज करू. शेरा रद्द करून घेऊ. पण एकीच्या दंडाने भागणार नाही. त्या बाकीच्या पाच जणींना...”

“त्यांचे नवरे आहेत,” मी म्हटलं.

बाबा का गप्प राहिले, हे त्याला तेव्हा कळलं. मला ते परतताना जीपमध्येच कळलं होतं. चाळीस वर्षं मी त्या गप्प बसण्याला कबुली समजत आले आणि रागावत आले, हेही तिथेच कळलं. ते ऐकायला आता बाबा नाहीत. राग राहिलाय, फक्त तो आता माझ्यावर आहे.

अर्ज केला नाही. पुस्तिकेतून दादाचं वाक्य गेलं. त्या जागी सात मुलींची नावं आहेत, सोनकीबाईंनी दुरुस्त केली तशी, आणि खाली एवढंच, ‘यांना बाबांनी देवी काढल्या.’

एक प्रत फुलसावंगीला पोस्टाने पाठवली आहे. वाचकांपैकी कोणी तिकडे गेलंच, तर ती पोचली का, एवढं विचारून या. दंडांचं काही विचारू नका.