सडका कंद कुणी दिलाच न्हाई

हळदीला कंदकूज लागते, हे कुरुंद्यात शेंबडं पोरही सांगेल. ती आणणारी बुरशी कोणती आणि मातीतली कोणती बुरशी तिला अडवते, हे डीएनएवरून शोधायचं, हा माझा पीएचडीचा विषय. गाव माझंच. माय हळद काढणीला रोजानं जाते, तिच्याच जिवावर मी विद्यापीठापर्यंत पोचले.

चूक माझी होती, आधीच सांगते. शेतं वीस आणि स्कूटी एक. मी शेतकऱ्यांकडं पिशव्या ठेवल्या अन् म्हटलं, दर दहावं झाड उपटा, निघेल ते मातीसकट भरा. संध्याकाळी जाऊन उचलल्या. कंद कसे, दृष्ट लागावी असे. तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकायला पाहिजे होती. कुठली चुकचुकते!

तपासणीत रोगाची बुरशी एकाही पिशवीत निघाली नाही. तिला अडवणारी, गुणाची बुरशी मात्र भरपूर. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, खुर्चीतून उठलेच. कुरुंद्याची माती कंदकूज रोखते, असा शोधनिबंध आठवड्यात तयार झाला आणि छापायला गेला. त्यावर पहिलं नाव माझं. मी गावात पेढे घेऊन आले.

माय पेढा हातात धरूनच बसली. "कोनाच्या वावरातली हळद म्हणलीस?"

मी सांगितलं.

"तितं मी चार दिवस काढनीला होते. निम्मी सडेल होती, बाई. बाजूला टाकून टाकून हाताला वास बसला."

सकाळी त्याच वावरात गेले. मालक, मी त्यांना काका म्हणते, जरासुद्धा गडबडले नाहीत. "तू गावची लेक. लेकीच्या पिशवीत सडकं भरतेत का? निवडून निवडून दिलं तुला." बाकीच्यांकडं गेले, तर सगळीकडं हेच. मला त्यांचा राग येईना. मागणाऱ्याला आपल्याकडं डावं देत नाहीत, हे परगावच्या पोरीला माहीत नसतं तर चाललं असतं. मला माहीत होतं, आणि मी विसरले. राग माझाच आला, भयंकर आला.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एका मजूर बाईच्या सांगण्यावरून निबंध मागं घ्यायचा? तुझी फेलोशिप ह्याच निबंधावर वाढणार आहे. विचार कर."

माझं टाळकंच सरकलं. उद्या हा निबंध वाचून कुणी शेतकऱ्याला सांगेल, तुमची माती राखणदार आहे, बेण्याला औषध लावायची गरज न्हाई. मग सगळं वावर सडल्यावर तो कुणाच्या दारात जाईल? सर तर त्याला गावात सापडणार नाहीत. मी संपादकांना स्वतः पत्र लिहिलं आणि निबंध थांबवला. फेलोशिप गेली. मैत्रिणी म्हणाल्या, "काहून एवढा ताठा करून राहिली?" ताठा तर ताठा.

पुढच्या काढणीला माय आणि मी दोघीच सरीत उतरलो. दहावं झाड, निघेल ते. सडकं निघालं तर सडकं. तपासलं, तर कुजक्या कंदांत रोगाची बुरशी खच्चून भरलेली, आणि गुणाची बुरशीही तिथंच, चांगल्या कंदांत होती तेवढीच. म्हणजे ती कुणालाच अडवत नव्हती. आमचा शोध साफ झोपला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रडलेसुद्धा.

प्रबंध लिहून सरांपुढं ठेवला. त्यांनी विचारलं, "मग एवढ्या वर्षांत हाती काय लागलं?"

म्हटलं, "कुरुंद्याची माती हळदीला वाचवत नाही, हे लागलं. तेच लिहिलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सही अजून झालेली नाही. प्रबंध घेऊन मी रोज दहाला त्यांच्या दारात उभी असते, आणि उद्याही असेन.